खुंटीवरचं घड्याळ रोज पळतं

मापसाहेबांनी पळायचं ठरवलं, आणि त्यामुळे पुढचा महिना-दीड महिना ते बसून होते.

ह्यात त्यांची चूक नाही. पळायला पाय लागतात, असं तुम्हाआम्हाला वाटतं. मापसाहेबांच्या मते पळायला आधी घड्याळ लागतं. तेही साधंसुधं नाही, तर आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण किती अंतर पळालो ते सांगणारं, जीपीएसचं. आता जो माणूस उभी हयात वजनमापे कार्यालयात निरीक्षक म्हणून काढतो, ज्याने भल्याभल्या दुकानदारांचे खोटे किलो चारचौघांत उघडे पाडले, त्याने स्वतःच्या मनगटावर न पारखलेलं माप बांधायचं? शक्यच नाही. गल्लीत त्यांना लहानथोर सगळे मापसाहेबच म्हणायचे, तोंडावर आदराने आणि पाठीमागे जरा कमी आदराने. घरातल्या वजनकाट्यावर ते स्वतः उभे राहण्याआधी पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवून बघायचे. काटा बरोबर निघाला की मगच स्वतःच्या पोटाबद्दल वाईट वाटून घ्यायचे.

सुरुवात लेकीमुळे झाली. एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि घरात दोन माणसं आणि एक शिलाईमशीन एवढंच उरलं. पहिले काही दिवस लेकीचे फोन यायचे, मग ते आखडत गेले. "जेवलीस का?" "हो." "बरी आहेस ना?" "हो बाबा, मीटिंग आहे, नंतर करते." हे 'नंतर' पुढच्या आठवड्यात उगवायचं. मापसाहेबांची बायको घरी शिवणकाम करायची. मशीनवर बसल्या बसल्या तिची नजर टेबलावरच्या फोनकडे जायची, मग टाका चुकायचा, मग उसवायचं. मापसाहेबही पेपर धरून फोनकडेच बघत असायचे. दोघंही ह्या विषयावर एकमेकांशी अवाक्षर काढत नसत.

अशात एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, आपल्याकडे दरवर्षी ती पाच किलोमीटरची धाव असते ना, तिला ह्या वर्षी मी येतेय. आपण दोघं पळू. पळाल माझ्याबरोबर?"

"पळेन का म्हणजे? पळणारच!" मापसाहेब म्हणाले. त्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. त्या भरात त्यांनी आपलं वय, वजन आणि गुडघे ह्या तिन्ही मापांकडे साफ दुर्लक्ष केलं.

चार दिवसांत लेकीचं पार्सल आलं. आत तिचं जुनं जीपीएसचं घड्याळ होतं. फोनवर तिने सगळं समजावून सांगितलं, "नवीन घेईपर्यंत हे वापरा. घड्याळ घालून पळायचं, घरी आलात की ते तुमच्या फोनला सांगेल, आणि तुमचा फोन मला सांगेल. मी रोज बघणार हं बाबा, रोज!"

मापसाहेबांनी घड्याळ उलटंपालटं करून बघितलं. पट्टा झिजलेला, काचेवर चरा. वापरलेलं माप म्हणजे संशयाचं माप, हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला, दुधाच्या पिशवीशेजारी अडकवलं आणि म्हणाले, "चांगलं नवीन घेऊ. मग सुरुवात करू."

बायको खुंटीकडे बघत राहिली.

झालं! मापसाहेब घड्याळ घेणार ही बातमी जिन्याने वरखाली फिरली. पहिला सल्ला आला वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडून. ह्याला पळण्याचा भारी नाद. त्याचा सल्ला टाळणं कोणालाच जमत नसे, कारण तो समोरच्याच्या तोंडात आरसा घालून मगच बोलायला लागायचा. मापसाहेबांची दाढ तपासता तपासता तो म्हणाला, "घड्याळ कसं हवं, की जे आपली झोपसुद्धा तपासेल. आता काल रात्रीची माझी झोप नापास झाली."

"आँ?" मापसाहेबांनी आरशासकट विचारलं.

"म्हणजे मला झोप छान लागली होती. पण घड्याळाला नाही पटलं. तेव्हापासून गळून गेल्यासारखं वाटतंय बघा."

दुसरा सल्ला शेजारच्या गॅलरीतून आला. तिथे जहाजवाले काका पहाटेपासून चहाचा पेला घेऊन बसलेले असत. एके काळी ते मालवाहू जहाजावर बिनतारी संदेश पाठवायचे. तेव्हापासून आकाश हा विषय आपल्याच अखत्यारीत येतो, अशी त्यांची समजूत होती. "उपग्रह किती पकडतं ते विचारा आधी," ते म्हणाले. "आम्ही नुसते तारे बघून महासागर ओलांडले आहेत."

"तुम्ही जहाज चालवायचात?"

"कप्तान चालवायचा. पण मी शेजारीच असायचो ना!"

हे सगळं डोक्यात घेऊन मापसाहेब घड्याळाच्या दुकानात गेले. त्यांना दारात बघताच दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आधी परवाना काढला, मग भाड्याची पावती काढली, शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्याकडे तराजू नाहीच. आम्ही वजनावर काहीच विकत नाही."

"अहो, मी गिऱ्हाईक म्हणून आलोय," मापसाहेब म्हणाले. दुकानदाराला ते आणखी भयंकर वाटलं. त्याने एकामागून एक घड्याळं मांडली. कुठलं पाण्यात चालायचं, कुठलं डोंगरावर वाट दाखवायचं, एक तर म्हणे माणूस पडला की घरच्यांना कळवायचं. मापसाहेबांनी सगळी बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "एका किलोमीटरमागे चूक किती?"

"चूक कशी होईल साहेब!"

"चूक प्रत्येक मापात असते. प्रश्न असतो तो किती. लेखी देता?"

लेखी कोणी दिलं नाही. त्या दुकानात नाही, पुढच्या दुकानात नाही, आणि त्याच्या पुढच्या दुकानाने तर मापसाहेब कोपऱ्यावर दिसताच जेवणाची सुट्टी जाहीर केली. तेव्हा मापसाहेबांनी ठरवलं, आपणच गल्लीतला रस्ता आधी टेपने अचूक मोजून ठेवायचा. मग दंतवैद्याचं घड्याळ उसनं घेऊन त्यावरून चालायचं, म्हणजे त्या जातीच्या घड्याळाची चूक कळेल. कार्यालयातली टेप घरच्या कामाला वापरणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने पोलादी टेप आणली. रविवारी सकाळी एक टोक दंतवैद्याला धरायला दिलं, आणि खडूने रस्त्यावर फुल्या मारत मारत ते गल्लीभर फिरले.

आता सांगा, सरकारी खात्यातला माणूस सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन रस्ता मोजतोय आणि फुल्या मारतोय, ह्याचा अर्थ गल्ली काय काढणार? दुपारपर्यंत बातमी पक्की झाली की रस्ता रुंद होणार आणि घरं पडणार. किराणावाल्याने रस्त्यावर आलेली आपली पायरी स्वतःच फोडून आत घेतली. इस्त्रीवाल्याने टेबल मागे ओढलं. संध्याकाळी बघतात तर काय, दंतवैद्याने आपली पाटी काढून दारात ठेवलेली! स्वतः टेपचं दुसरं टोक धरलेला माणूस हा!

रात्री जेवणाच्या आधी मंडळी मापसाहेबांच्या दारात. "खरं सांगा, किती जाणार?"

"काही जाणार नाही हो! मी पळण्यासाठी मोजत होतो."

"पळण्यासाठी?" किराणावाल्याचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तुमच्यावरसुद्धा पळायची वेळ येणार?"

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "रस्ता मोजायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मापसाहेबांनी सगळा प्रकार कथन केला. त्यावर न थांबता त्यांनी हेही विचारलं, की जे घड्याळ अंतर मोजून दाखवतं ते मोजमापाचं साधन धरावं की नाही, आणि धरलं तर त्यावर खात्याचा शिक्का हवा की नको? वरिष्ठांनी कपाळाला हात लावला. पण प्रश्न नियमात बसत होता, त्यामुळे तो मुख्य कार्यालयाकडे पाठवणं भाग पडलं.

एक मात्र झालं. पायऱ्या, टेबलं, पाट्या मागे गेल्या आणि गल्ली चांगली ऐसपैस झाली. पहाटेच्या वेळी कोणाला पळायचं असेल, तर आता मुळीच अडचण नव्हती.

ह्यानंतर दोनच दिवसांनी, मापसाहेब सकाळचा चहा पीत असताना टेबलावरचा फोन किणकिणला. त्यावर अक्षरं उमटली: शाब्बास! आज तुम्ही छान धावलात!

मापसाहेबांनी फोनकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पाय खुर्चीवर मांडी घालून बसले होते. घड्याळ खुंटीला. बायको नुकतीच दूध घेऊन आली होती आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून पाणी पीत होती. गटागटा दोन पेले प्यायली.

"अगं, हा फोन काय म्हणतोय बघ. मी म्हणे पळालो."

"असेल," बायको म्हणाली. "यंत्रं आहेत, काहीही बोलतात."

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा! चक्क पळालात! मला इतकं बरं वाटलं ना, काय सांगू!" मापसाहेबांनी 'अगं मी नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण फटच मिळेना. लेक सुटली होती. खोलीवरची मैत्रीण घोरते, साहेब चिडका आहे, परवा कढई जाळली, पहिले पंधरा दिवस रोज रडू यायचं पण तुम्हाला सांगितलं नाही. मापसाहेबांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. बायको ओले हात पुसत जवळ येऊन उभी राहिली. चहा गार झाला, दूध उतू गेलं, तरी दोघं ऐकत होते.

फोन ठेवल्यावर बायको हळूच म्हणाली, "किती दिवसांनी बोलली हो एवढं."

मापसाहेबांना नाही म्हटलं तरी भरून आलं. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या पुन्हा फोन किणकिणला, पुन्हा शाब्बास, पुन्हा लेकीचा फोन. परवाही तेच. आता पंचाईत बघा. आयुष्यभर खोट्या मापांवर खटले भरणाऱ्या माणसाच्या घरात खोट्या मापावर खरे फोन यायला लागले. सांगावं, तर फोन बंद पडतील. न सांगावं, तर लेक येणार, शेजारी उभी राहून पळणार, आणि पहिल्या वळणावरच बाप धापा टाकत बसलेला बघणार. बरं, आता तरी ह्यांनी पळायला लागावं? तर तेही नाही. समोर सदोष यंत्र दिसत असताना मापसाहेबांना दुसरं काही सुचणं अशक्य होतं.

त्यांनी चौकशी सुरू केली. पहाटे उठून, चहा घेऊन ते खुंटीसमोर खुर्ची टाकून बसले. घड्याळ हललं नाही. "लबाड!" मापसाहेब म्हणाले. "खोटा तराजूसुद्धा आमच्यासमोर असाच सरळ वागतो." बायको दोनदा स्वयंपाकघरात आली, दुधाच्या पिशवीला हात लावला, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. त्या दिवशी फोन किणकिणला नाही. लेकीचा नुसता निरोप आला, 'बाबा, आज नाही पळालात? बरं नाही का?' दिवसभर बायकोचं कशात लक्ष लागलं नाही. ती लेकीची जुनी निळी ट्रॅकपँट मशीनवर घेऊन तिची लांबी कमी करत बसली.

"हे काय?" मापसाहेबांनी विचारलं.

"चांगलं कापड आहे. पडून वाया कशाला घालवायचं?"

काटकसरी बायको मिळाल्याचं समाधान मानून मापसाहेब पुन्हा चौकशीला लागले. फोनवर धावेचा नकाशा दिसायचा. रेघ घरातून निघायची, गल्लीतून बागेला वळसा घालून यायची आणि दुधाच्या दुकानापाशी येऊन थांबायची. रोज थांबायची! मग तिथून घरी. मापसाहेबांनी नकाशा जहाजवाल्या काकांना दाखवला. काका पुष्कळ वेळ नकाशाकडे आणि मग मापसाहेबांकडे बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "उपग्रहाची लहर भरकटलीय. दुधाच्या दुकानात मोठा फ्रिज असतो ना, तो खेचतो तिला. आमच्या जहाजावर असं फार व्हायचं."

मापसाहेब तडक दुधाच्या दुकानात. दुकान चालवणाऱ्या बाई कॅन धूत होत्या. मापसाहेबांनी फ्रिजला कान लावला, मागून बघितला, पुढून बघितला. "सकाळी सकाळी इथे नेमकं काय होतं?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"दूध येतं."

"आणखी?"

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "साहेब, तुम्हाला खरंच काही ठाऊक नाही?"

"काय?"

"काही नाही. फ्रिज जुना आहे," बाई म्हणाल्या आणि कॅनमध्ये डोकं घालून घासायला लागल्या. त्यांचे खांदे हसल्यासारखे हलत होते, पण मापसाहेबांचं लक्ष फ्रिजच्या तारेकडे होतं.

दंतवैद्याने वेगळंच निदान केलं. "तुम्ही झोपेत पळत असणार. झोपेत चालणारी माणसं असतात, मग पळणारी का नसावीत?" ह्या कल्पनेने मापसाहेबांच्या अंगावर काटा आला. आपण गल्लीतून, बनियनवर, झोपेत! त्यांनी आपले नवे कोरे बूट तपासले. तळ स्वच्छ होते. बाजूला लेकीचे जुने बूट मात्र चिखलाने माखलेले होते. शेजारची मुलं खेळायला नेत असतील, असं म्हणून त्यांनी ते झटकून ठेवले. तरी खात्री असावी म्हणून रात्री शिवणाच्या जाड दोऱ्याने त्यांनी आपला पाय पलंगाला बांधला. बायकोने विचारलं, तर म्हणाले, "खात्याचं काम आहे." सकाळी फोन किणकिणला तसे ते तरातरा उठले, आणि पलंगाने त्यांना मागे ओढून घेतलं. कपाळावर टेंगूळ आलं. बायको बर्फ लावत होती आणि सारखी तोंड फिरवत होती. ती हसत होती की रडत होती, ते त्यांना कळलं नाही.

"अहो, सोडा ना आता तो नाद," ती म्हणाली.

"सोडा काय! परवा लेक येतेय. तिला काय तोंड दाखवू?"

बायकोला काहीतरी सांगायचं होतं, पण तिने बर्फच जास्त जोराने दाबला.

लेक यायच्या आदल्या दिवशी मापसाहेबांना घशाला कोरड पडून लवकर जाग आली. पाणी प्यायला ते स्वयंपाकघरात गेले. बघतात तर खुंटी रिकामी! घड्याळ नाही आणि दुधाची पिशवीही नाही. दार नुसतं ओढलेलं. मापसाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि नेहमीप्रमाणे तो चुकीच्या जागी पडला. चोर! रोज घड्याळ नेतो, वापरतो आणि गुपचूप परत आणून ठेवतो!

ते होते तसे, बनियन आणि पायजम्यावर, चपला सरकवून जिना उतरले. गल्लीच्या टोकाला निळ्या कपड्यातली एक आकृती पळत होती. एका हातात पिशवी. "चोर! चोर!" मापसाहेब ओरडले आणि सुटले.

"अहो मापसाहेब, ओरडू नका! थांबा!" गॅलरीतून जहाजवाले काका म्हणाले, पण कोण थांबतंय? मापसाहेब इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून, किराणावाल्याच्या फुटक्या पायरीवरून, स्वतःच मारलेल्या खडूच्या फुल्यांवरून धावत होते. बागेच्या वळणावर एक चप्पल गेली. चोर काही हाती लागेना. चोराची चाल एकसारखी, शांत. फुलवाला त्याला हात करत होता, फिरायला आलेली दोन म्हातारी माणसं हसून बाजूला होत होती. चोराची एवढी ओळख? मापसाहेबांच्या छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी ते पळाले. त्या घड्याळावर लेकीचे फोन होते. ते गेलं तर सगळं गेलं.

दुधाच्या दुकानापाशी चोर थांबला. बाईंनी दुधाच्या पिशव्या पुढे केल्या. मापसाहेब कसेबसे पोचले आणि दुकानाचा खांब धरून उभे राहिले. चोर वळला.

"अहो!" बायको म्हणाली. "हे काय, एकाच पायात चप्पल?"

मापसाहेबांनी तोंड उघडलं. त्यातून नुसती हवा आली.

"आधी श्वास घ्या. बसा इथे. बाई, जरा पाणी द्या हो ह्यांना." दुकानाच्या कट्ट्यावर त्यांना बसवून बायको शेजारी बसली. मनगटावरचं घड्याळ तिने दुसऱ्या हाताने झाकलं होतं. "तुम्ही घड्याळ खुंटीला अडकवलंत ना, त्यानंतर तुम्ही कार्यालयात असताना तिचा फोन आला होता. 'आई, बाबा पळाले नाहीत का गं?' एवढंच म्हणाली. आवाज अगदी पडलेला होता हो. मला झोप लागली नाही. म्हटलं, तुमचं घड्याळ कधी पसंत होणार देव जाणे. दूध आणायला जातेच मी, तर घालून जावं. पहिल्या दिवशी भरभर चालले. मग जरा पळून बघितलं. आणि तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशीही आला." ती थांबली. "मी पळाले की ती बोलते. मग मी पळत राहिले."

"मला सांगायचंस!"

"तुम्ही घड्याळ तपासत होतात. एवढे रंगून गेला होतात की कसं सांगू? आणि तिला सांगितलं असतं, तर बाबा पळाले नाहीत म्हणून तिचा विरस झाला असता." मग जरा लाजून ती म्हणाली, "आणि खरं सांगू? मला आवडायला लागलंय हो. शिवणाने पाठ धरायची, ती आता धरत नाही."

मापसाहेबांना आधी राग आला. मग लाज वाटली. फुलवाल्याला ठाऊक, दूधवाल्या बाईंना ठाऊक, आणि फ्रिजची थाप मारून पाठराखण करणाऱ्या जहाजवाल्या काकांना तर पहिल्या दिवसापासून ठाऊक. सगळ्या गल्लीत एकट्या निरीक्षकालाच पत्ता नव्हता. यंत्र खोटं आहे, उपग्रह खोटे आहेत, मी झोपेत पळतो, हे सगळं त्यांच्या मनात आलं. बायको पळते, हे मात्र आलं नाही. आणि मग राग आणि लाज दोन्ही कुठल्या कुठे गेले. ह्या बाईने न बोलता, न मिरवता, लेकीचा आवाज रोज घरात आणून ठेवला होता, दुधाबरोबर. मापसाहेबांनी तिच्या हातावर हात ठेवला. भर रस्त्यात, बनियनवर.

"तुझे उपकार आहेत गं माझ्यावर," ते म्हणाले.

"काहीतरीच! उठा, चप्पल शोधू या."

दुसऱ्या दिवशी लेक आली. दारात बॅग खाली ठेवायच्या आत मापसाहेब म्हणाले, "बाळा, आधी ऐक. मी एक दिवससुद्धा पळालो नाही. ती सगळी धाव तुझ्या आईची. मी नुसत्या शाबासक्या घेत बसलो." रात्रभर पाठ केलेलं होतं, त्यामुळे एका दमात म्हणून झालं. मग ते मान खाली घालून उभे राहिले.

लेकीने आईकडे बघितलं, मग बापाकडे, आणि ती हसायला लागली. "बाबा, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"कसं काय?"

"तुमची धाव रोज दुधाच्या दुकानापाशी थांबायची. बाबा, तुम्ही जन्मात कधी दूध आणलंय का?"

मापसाहेबांनी आठवून बघितलं. आठवण्यासारखं काही नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीस गं?" आईने डोळे पुसत विचारलं.

"सांगितलं असतं, तर तू लाजून थांबली असतीस. आणि बाबा कधी खरं सांगतात ते मला बघायचं होतं." तिने बॅग उघडली आणि छातीला लावायचे नंबर काढले. दोन नव्हते, तीन होते. "मला ठाऊक होतं, सांगतील म्हणून."

मापसाहेबांना एकदम खोकला आला आणि ते गॅलरीत गेले. तिथे जहाजवाले काका होतेच. "लहर ठिकाणावर आली का?" त्यांनी विचारलं. मापसाहेबांनी मान हलवली. त्यांना काकांचेही आभार मानायचे होते, पण खोकला थांबेना.

रविवारी तिघं पळाले. म्हणजे मायलेकी पळाल्या, आणि मापसाहेब त्यांच्या मागून येत राहिले. थोडं पळत, पुष्कळसं चालत, एकदा तर फुटपाथवर बसून. दंतवैद्य त्यांना मागे टाकताना ओरडला, "काल झोप कशी झाली?" मापसाहेबांनी हात हलवून त्याला वाटेला लावलं. शेवटच्या रेषेच्या अलीकडे मायलेकी थांबल्या होत्या. बाकीची माणसं त्यांना ओलांडून जात होती, पण त्या दोघी कडेला उभ्या राहून वाट बघत होत्या. मापसाहेब आले. दोघींनी त्यांना मधे घेतलं आणि तिघांनी मिळून रेषा ओलांडली. खिशातला फोन किणकिणला. शाब्बास! आज तुम्ही छान धावलात! मापसाहेबांनी तो बायकोपुढे धरला. "घे. ही शाबासकी तुझी आहे."

लेक संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना घड्याळ तिने आईच्या फोनला जोडून दिलं आणि तो खिशात ठेवूनच पळायला सांगितलं, म्हणजे तिला धाव तिथल्या तिथे दिसेल. त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं: सदर घड्याळ ज्या उपग्रहांवर विसंबून आहे, ते कोणत्या विभागाच्या हद्दीत येतात ह्याचा आधी खुलासा करावा. मापसाहेबांनी खुलासा केला नाही. प्रकरण त्यांनी आपल्याकडून मिटवलं. नवीन घड्याळही घेतलं नाही. खुंटीवरच्या घड्याळात खोट काढायला आता जागाच उरली नव्हती.

उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन वाजला. लेकच होती, आवाज घाबरलेला. "बाबा, आईला बरं आहे ना? मी सारखं बघतेय, आज तिची धाव दुधाच्या दुकानापाशी थांबलीच नाही. बागेला दोन वळसे घातले आणि तशीच पुढे पळत गेली. झालंय काय?"

मापसाहेब दुधाच्या दुकानासमोर रांगेत उभे होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिशवी. पुढे अजून बरीच माणसं होती आणि बाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

"काही झालं नाही बाळा," ते म्हणाले. "आज दूध मी आणतोय."